पांदण रस्त्यांचा ग्राफ: कामाच्या नोंदी

९ एप्रिल

काम ठरलं. पाझर तलावाच्या वरच्या अंगाला खोदकाम चालू आहे, तिथून गावाला ६०० ट्रॉल्या मुरूम मिळणार, आणि तो कोणत्या पांदणीवर टाकायचा यावरून ग्रामपंचायतीत बैठकावर बैठका चालल्यात, कारण प्रत्येकाला आपल्याच वावराची पांदण आधी पाहिजे. सरपंच काकाजी म्हणाले, "तू यवतमाळले कॉम्प्युटर शिकतं ना वो, मंग काढून दे ना एक हिशोब." मलाही पुढच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट द्यायचाच आहे, लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम बनवून बनवून सगळी बॅच थकली, म्हटलं हेच घेऊ.

बैठकीत लोक दोन गोष्टी एकाच दमात बोलतात. एक म्हणजे कमीत कमी मुरमात सगळी वावरं गावाला जोडली गेली पाहिजेत. दुसरी म्हणजे माझं वावर गावापासून जवळ पडलं पाहिजे. ऐकताना एकच मागणी वाटते पण ग्राफमध्ये, म्हणजे जागा ठिपके आणि रस्ते रेषा मानल्या तर, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पहिल्याला मिनिमम स्पॅनिंग ट्री म्हणतात (पुढे एमएसटी लिहीन) आणि दुसऱ्याला शॉर्टेस्ट पाथ, आणि दोघांची उत्तरं एकच येतील याची काही गॅरंटी नाही. हा प्रोजेक्ट बहुतेक त्या फरकावरच होणार.

१३ एप्रिल

नकाशा. ओपनस्ट्रीटमॅपवर आमच्या गावात एक डांबरी रस्ता आणि एक नाला, बस, पांदणी नाहीतच. सॅटेलाइट फोटोत दिसतात पण धुरा कोणता आणि पांदण कोणती ते वरून कळत नाही. भूमी अभिलेखच्या नकाशात गट नंबर आहेत, पांदण कागदावर ३३ फूट रुंद आहे, प्रत्यक्षात दोन्हीकडून नांगरून नांगरून बंडी जाईल एवढीच उरली. तो वेगळा विषय, त्यात मी पडत नाही.

शेवटी मोबाइलवर जीपीएस लावून चुलतभावाच्या ट्रॅक्टरवर बसून सगळ्या पांदणी फिरून काढल्या. कडुलिंबाच्या दाट झाडाखाली जीपीएस उड्या मारतो, त्यामुळे एकाच फाट्याचे कुठे कुठे दोन-तीन नोड (ग्राफमधले ठिपके) झाले, ते १५ मीटरच्या आतले असतील तर एकत्र करायचे असा नियम लावला.

पूर्ण नकाशात ४३ नोड निघाले पण त्यातले बरेचसे शेवटच्या वावरापर्यंतचे बारके फाटे आहेत, ते ज्याचं त्यानं भरायचं असं आधीच ठरलंय. भांडण आहे ते ७ जागांमधलं: गावठाण, पार, चिंचमोड, बर्डी, जुनी विहीर, वडधुरा, नाल्यापार. नावं लोकांचीच ठेवली, नोड १ नोड २ केलं असतं तर बैठकीत कोणी ऐकलंच नसतं.

२१ एप्रिल

वजन म्हणजे वेट ठरवण्यातच आठवडा गेला आणि मला वाटते खरं काम हेच आहे. पुस्तकात प्रत्येक एजवर, म्हणजे दोन नोड जोडणाऱ्या रेषेवर, आयता आकडा दिलेला असतो, इथं तो आकडा म्हणजे नेमकं काय ते आधी ठरवा.

मीटर घेऊन चालत नाही. बर्डीकडची जमीन बरड आहे, खाली दगड, पाऊस पडला तरी तासाभरात पाय ठेवता येतो. चिंचमोडाच्या पुढं काळी माती, तिथं जुलैमध्ये बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत जाते. म्हणून मुरमाचं वजन ब्रासमध्ये काढलं. ३ मीटर रुंद आणि दाबून १५ सेंटीमीटर थर, १०० मीटर लांबीला ४५ घनमीटर होतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर, तर १०० मीटरला साधारण १६ ब्रास. ही मध्यम जमीन. काळ्या मातीत थर दुप्पट, ३२ ब्रास. बरडावर ५ सेंटीमीटर पसरला तरी बस, ५ ब्रास.

मुरूम सैल येतो आणि रोलर फिरला की बसतो, इथला ट्रॅक्टरवाला पाचाला चार धरतो, ट्रॉलीत एक ब्रास. म्हणजे ६०० ट्रॉल्यांचे दाबून ४८० ब्रास. आमचं बजेट हेच.

मधल्या ७ जागांच्या ९ एज, आधी मीटर मग ब्रास:

गावठाण–पार ३०० मी., ४८
पार–चिंचमोड ४०० मी., ६४
पार–बर्डी ६०० मी., ३०
बर्डी–जुनी विहीर ७०० मी., ३५
चिंचमोड–जुनी विहीर ३५० मी., ११२
चिंचमोड–वडधुरा ५०० मी., १६०
जुनी विहीर–वडधुरा ४५० मी., १४४
वडधुरा–नाल्यापार २५० मी., १४० (८० मुरूम आणि नाल्यात पाईप टाकून मोरी करायचा खर्च मुरमाच्या भावात मोडला तर ६०)
जुनी विहीर–नाल्यापार ८०० मी., १२८ (नाल्याच्या उगमाकडून वळसा, मोरी लागत नाही)

२४ एप्रिल

एमएसटीसाठी क्रुस्कल चालवला. १९५६ ची पद्धत आहे आणि इतकी साधी की सरपंच काकाजींना पाराच्या ओट्यावर खडूनं करून दाखवली. सगळ्या एज स्वस्त ते महाग अशा लावायच्या, वरून एकेक उचलायची, आधीच जोडलेल्या दोन जागांमध्येच येत असेल तर सोडून द्यायची. पार–बर्डी ३० घेतली, बर्डी–विहीर ३५ घेतली, गावठाण–पार ४८, पार–चिंचमोड ६४. मग ११२ वाली चिंचमोड–विहीर आली, पण या दोन्ही जागा पारावरून आधीच जोडलेल्या आहेत, फेरा तयार होतो, सोडली. मग विहीर–नाल्यापार १२८, मग नाल्यापार–वडधुरा १४०. ७ जागा, ६ एज, झालं. बेरीज ४४५ ब्रास. बजेटमध्ये बसलं!

"आधीच जोडलेल्या आहेत का" हे कॉम्प्युटरला कसं कळावं, त्यासाठी युनियन-फाइंड. कापूस वेचायला बायांच्या टोळ्या जातात तसं समजा, प्रत्येक टोळीची एक मोरकीण, कोण्या बाईला विचारलं तू कोणाच्या टोळीतली की ती मोरकिणीचं नाव सांगते. दोघींचं नाव एकच आलं म्हणजे एज सोडा, वेगळं आलं तर टोळ्या एक करा आणि एकीला दुसरीची मोरकीण मान्य करायला लावा. गॅलर आणि फिशर यांनी १९६४ मध्ये मांडलेलं आहे. पायथनमध्ये दहा-बारा ओळी.

२५ एप्रिल

तपासणी. ९ मधून ६ एज निवडायचे ८४ प्रकार होतात, त्यातले कितीक तर जोडतही नाहीत. सगळे ८४ मशीनकडून पाहून घेतले, जोडणाऱ्यांमध्ये ४४५ च्या खाली कोणीच नाही.

२७ एप्रिल

मोठेबाबांनी विचारलं की दरवेळी स्वस्तातलं उचलत गेलं तर शेवटी महाग पडत नाही कशावरून, बाजारात तर तसंच होते. प्रश्न बरोबर आहे, बहुतेक ठिकाणी लोभी पद्धत फसतेच. इथं का फसत नाही ते नाल्यावरून सांगितलं. नाल्यापार एका बाजूला ठेवा, बाकी सगळं गाव दुसऱ्या बाजूला. मधून जाणाऱ्या एज दोनच, १२८ ची आणि १४० ची. झाड (ट्री, म्हणजे फेरा न होता सगळ्या जागा जोडणाऱ्या एज) कोणतंही काढा, दोघींपैकी एक तरी लागतेच. समजा कोणी फक्त १४० वाली घेऊन झाड काढलं, तर तीच काढून १२८ वाली टाका, गाव जोडलेलंच राहते आणि १२ ब्रास वाचतात. म्हणजे स्वस्तवाली टाळून कोणाचा फायदाच होत नाही. गावाचे कसेही दोन भाग पाडले तरी हे लागू पडते, म्हणून पद्धत टिकते. मोठेबाबा म्हणे, "हं." आमच्या घरात "हं" म्हणजे पास.

हा प्रश्न पहिल्यांदा सोडवला तो पण असाच गावं जोडायच्या कामातून. १९२६ मध्ये बोरुव्का नावाच्या झेक गणितज्ञानं, मोराव्हिया भागात वीज पोचवायची होती आणि तार कमीत कमी लावायची होती. त्याची पद्धत म्हणजे प्रत्येक गावानं आपापली सगळ्यात स्वस्त एज एकाच वेळी निवडायची, मग झालेल्या गटांनी पुन्हा तसंच. यार्निकची १९३० ची आणि प्रिमची १९५७ ची पद्धत एका जागेपासून वाढत जाते. तिन्ही आमच्या ग्राफवर चालवल्या, झाड तेच. तसं यायलाच पाहिजे, कारण आमच्या ९ आकड्यांत दोन सारखे नाहीत आणि सगळे आकडे वेगळे असले की एमएसटी एकच असते.

१ मे

आता दुसरा प्रश्न. शॉर्टेस्ट पाथसाठी डायक्स्ट्राची पद्धत, मीटरवर, गावठाणापासून. पार ३००. पारावरून चिंचमोड ७००, बर्डी ९००. चिंचमोड जवळचा म्हणून तो आधी पक्का, तिथून विहीर १०५०, वडधुरा १२००. मग बर्डी पक्की, तिच्यावरून विहीर १६०० येते, काही कामाचं नाही. मग विहीर पक्की १०५० वर, तिच्यावरून नाल्यापार १८५० लिहिलं. मग वडधुरा पक्का १२०० वर आणि त्याच्यावरून नाल्यापार १४५० निघालं, १८५० खोडून १४५० केलं. एवढंच आहे, पक्क्या झालेल्याला पुन्हा हात लावायचा नाही.

डायक्स्ट्रानं ही पद्धत १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमला कॉफी पिता पिता वीसेक मिनिटांत डोक्यातल्या डोक्यात काढली असं त्यानंच सांगून ठेवलंय, आर्मॅक नावाच्या नव्या कॉम्प्युटरचं काम लोकांना समजेल असं काहीतरी दाखवायचं होतं म्हणून, आणि त्यासाठी नेदरलँड्सचा ६४ शहरांचा नकाशा घेतला, कारण ६४ शहरांना ६ बिट पुरतात. छापून आलं १९५९ मध्ये, जेमतेम तीन पानं, आणि गंमत म्हणजे त्याच तीन पानांत एमएसटीचा प्रश्नही आहे. माझे दोन्ही प्रश्न एकाच लेखात! सरांना हे आवडेल.

५ मे

बैठक. ४४५ चं झाड भिंतीवर लावलं आणि वडधुऱ्यावरचे एक काका उठले. "बाई, तुह्या या नकाशात मी घरून वावरात कसा जाऊ ते सांग." सांगितलं: पार, बर्डी, विहीर, नाल्यापार, मग नाला ओलांडून वडधुरा. बेरीज २६५० मीटर. सध्या चिखल तुडवत का होईना चिंचमोडावरून ते १२०० मीटरमध्ये पोचतात. "म्हंजे मुरूम टाकून आमाले दुप्पट फिरवतं? आन् वरून नाला दोनदा?" नाला एकदाच ओलांडावा लागतो, उगमाकडच्या वळशाला ते ओलांडणंच धरतात, पण मुद्दा खराच आहे. वडधुऱ्यावर ११ वावरं आहेत, नाल्यापार ४. झाडाला हे माहीतच नाही, त्याला ब्रास सांगितले होते, त्यानं ब्रास वाचवले. पाय कोणाचे दुखतात ते त्याला कोणी सांगितलंच नाही.

दुसरं टोक पण दाखवलं. सगळ्यांचे शॉर्टेस्ट पाथ तेवढे भरायचे तर गावठाण–पार, पार–चिंचमोड, पार–बर्डी, चिंचमोड–विहीर, चिंचमोड–वडधुरा, वडधुरा–नाल्यापार, बेरीज ५५४. बजेटच्या ७४ वर. त्यावर अर्धा तास आवाज चढले आणि चहा आला.

६ मे

आवाज चढले ते बरंच झालं एका अर्थानं, नाहीतर ४४५ वर सही होऊन गेली असती आणि काम झाल्यावर वडधुऱ्यानं मला शिव्या घातल्या असत्या.

९ मे

मधला रस्ता आहे आणि त्याच्यावर अभ्यासही झालेला आहे. खुल्लर, राघवाचारी आणि यंग यांचा १९९५ चा पेपर. एमएसटीवरून फिरत जायचं, आणि ज्या जागेचं झाडावरून अंतर तिच्या शॉर्टेस्ट अंतराच्या ठरवलेल्या पटीच्या वर गेलं तिथं शॉर्टेस्ट पाथ जोडून द्यायचा आणि झाडातली जुनी एज सोडायची. पट आपण ठरवायची. मी दोन ठेवली, म्हणजे कोणालाही दुपटीच्या वर चालावं लागणार नाही.

विहीर: झाडावरून १६००, शॉर्टेस्ट १०५०, दुपटीच्या आत. नाल्यापार: २४०० आणि १४५०, आत. वडधुरा: २६५० आणि १२००, दुप्पट २४०० होते, वर गेलं. म्हणून चिंचमोड–वडधुरा १६० घेतली आणि वडधुरा–नाल्यापार १४० सोडली. बेरीज ४६५.

वीस ब्रासमध्ये ११ वावरांचं अंतर २६५० वरून १२०० वर आलं आणि मोरीची कटकटही गेली, त्यामुळे हे ४६५ सगळे मुरमाचेच. पेपरमध्ये खर्चालाही वरची मर्यादा सिद्ध केलेली आहे, दुपटीची अट असेल तर एमएसटीच्या तिपटीच्या आत, पण ती खर्च आणि अंतर एकाच वजनात मोजलं तरच. आमचे ब्रास वेगळे आणि मीटर वेगळे, त्यामुळे ती हमी आम्हाला लागू होत नाही, ४६५ हा आमच्या नशिबाचा आकडा आहे. रिपोर्टमध्ये हे स्पष्ट लिहायचं.

१२ मे

चुलतभावाचं डोकं: बर्डी–विहीर पांदणीच्या बाजूनं नाली खोदली तर तिथंच मुरूम निघतो, लागतो ३५ आणि निघेल ५० तरी, मग ते वजन उणे १५ लाव ना. क्रुस्कलला उणे आकड्याचं काही वाटत नाही, सगळ्यात आधी तीच उचलली, झाड तेच राहिलं. पण ब्रासवर डायक्स्ट्रा लावून "एका वावरापर्यंत कमीत कमी मुरूम किती" असं विचारलं की सगळं बिघडते, कारण पक्क्या केलेल्या जागेकडे तो पुन्हा पाहत नाही. आणि दोन्हीकडून चालता येणारी उणे एज म्हणजे तर गंमतच, बर्डीवरून विहिरीवर, विहिरीवरून बर्डीवर अशी नुसती ये-जा करत राहा, प्रत्येक खेपेला कागदावर १५ ब्रास मुरूम तयार! बेलमन-फोर्ड ही शॉर्टेस्ट पाथचीच दुसरी पद्धत निदान असा फेरा आहे म्हणून सांगते तरी. भाऊ म्हणे चालू ठेव, विकू. नाली पुढं ढकलली.

१९ मे

अजून एक सूचना आली की पार, चिंचमोड आणि बर्डी यांच्या मधोमध एखाद्या वावरातून नवा फाटा काढला तर मुरूम वाचेल. तत्त्वतः बरोबर. याला स्टायनर ट्री म्हणतात, तीन जागांमध्ये नवा बिंदू असा घ्यायचा की तिन्ही रस्ते एकमेकांशी १२० अंशात भेटतील, तिन्ही बाजू सारख्या असल्या तर १३ टक्क्यांच्या थोडं वर लांबी वाचते. पण जागा वाढल्या की अवघड, हा प्रश्न एनपी-हार्ड आहे, म्हणजे नेमकं उत्तर झटपट काढणारी पद्धत कोणालाच माहीत नाही, आणि त्याच्याही आधी तो बिंदू कोणाच्या तरी सातबाऱ्यात पडतो. विषय संपला.

२६ मे

रोहिण्या लागल्या. ४६५ वर सगळ्यांचं एकमत, म्हणजे नाल्यापारचे चौघं सोडून. त्यांचं म्हणणं आम्हाला २४०० का. त्यांना पावसाळ्याचा हिशोब करून दाखवला: नाल्याला पूर आला की वडधुरा–नाल्यापार एज ग्राफमधून काढूनच टाकायची, मग त्यांचं शॉर्टेस्ट १८५० होते, विहिरीवरून चिंचमोडाच्या काळ्या मातीतून. १८५० चा चिखल की २४०० चा मुरूम. दोघं मानले, दोघं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

मुरूम टाकणं सुरू, आधी काळ्या मातीतला तुकडा, कारण पाऊस आला की ट्रॉली तिथंच आधी फसेल.

८ जून

मृग कोरडा. चांगलंच झालं, विहीर–नाल्यापारचा शेवटचा तुकडा राहिला होता तो काल झाला. हिशोबाप्रमाणे शिल्लक १५ ब्रास.

४ जुलै

सलग पाऊस. वडधुऱ्यावर खताची पोती ट्रॅक्टरनं गेली, दरवर्षी डोक्यावर जातात. दोन ठिकाणी चाकोरी पडली, मुरूम खाली जातोय, ३० सेंटीमीटर तिथं कमीच पडले.

पण दुसरी गोष्ट समोर आली. परवा बर्डीजवळ एक ट्रॉली आडवी झाली आणि विहीर आणि नाल्यापार दोन्ही दिवसभर तुटले. झाड म्हणजे असंच, त्यातली प्रत्येक एज ब्रिज असते, कोणतीही काढा, गावाचे दोन तुकडे. कमीत कमीच्या हट्टात पर्यायी रस्ता आपोआप मरतो. कोणत्या एज ब्रिज आहेत ते काढायची टारजनची पद्धत आहे, एकदा पूर्ण ग्राफवरून फिरलं की झालं. ती ४३ नोडवर चालवली, आणि मग उलटं विचारलं: एकच एज वाढवायची तर कोणती वाढवली की सगळ्यात जास्त ब्रिज कमी होतील?

मधल्या ७ जागांत सगळ्यात जास्त, ६ पैकी ५, ब्रिज वडधुरा–नाल्यापारनं जातात, पण पुरात ती एजच ग्राफमधून जाते, म्हणून निवड चिंचमोड–विहीर आणि विहीर–वडधुरा यांच्यात उरली. ११२ वाली घेतली तर पार–चिंचमोड–विहीर–बर्डी असा फेरा होतो, ६ पैकी ३ ब्रिज जातात. १४४ वालीनं फेरा मोठा होतो, ४ जातात. पण ११२ वालीनं विहीर १६०० वरून १०५० वर येते आणि नाल्यापार २४०० वरून १८५० वर, १४४ वालीनं नाल्यापारची नवी वाट २४५० ची पडते, अंतर २४०० चं २४०० च राहते म्हणजे काहीच फायदा नाही. मी ११२ च्या बाजूनं आहे. क्रुस्कलनं एप्रिलमध्ये जी एज फेरा होतो म्हणून टाकून दिली होती तीच ही.

लागतात ११२, हातात १५, कमी पडतात ९७, म्हणजे सैल सव्वाशेच्या आत-बाहेर ट्रॉल्या. सरपंच काकाजी म्हणतात सोयाबीन निघाल्यावर विषय घेऊ. नाल्यापारच्या त्या दोघांना आज हा आकडा फोनवर पाठवला, एकाचं लगेच उत्तर आलं: "पयले हेच काऊन नाही सांगितलं?"